कान लावून

सुवैकच्या बागेत पहाटे साडेतीनला पोचायचं.
महामार्गावरचे ट्रेलर तेवढा वेळ जरा दम खातात.
खोडात दाभण खुपसायचं, वायर जोडायची,
कानांवर यंत्र चढवायचं
आणि श्वास धरून ठेवायचा.

आधी काहीच नाही.
मग विहिरीच्या पंपाची घरघर,
मग माझंच रक्त,
आणि त्याच्या मागे, अगदी मागे,
शेजारच्या खोलीत एकटंच कुणी
सादळलेले चुरमुरे खात बसलंय, तसं.

सोंड्या.
आंजर्ल्याला आमच्या माडांत हाच होता.
गेंड्या भुंग्याला बाबा तारेच्या आकड्यानं ओढून काढत,
कोंबड्यांपुढे टाकत, विषय संपे.
सोंड्या मात्र कधी हाती लागला नाही.
माडानं मान टाकली की कळायचं,
आत कुणीतरी राहून गेलं.

इथं म्हणतात, तो तुमच्याच मुलखातून आला,
कुठल्याशा रोपाच्या बुंध्यात बसून.
व्हिसा नाही, कफील नाही, मेडिकल नाही.
मी हसतो.
माझं मेडिकल दोनदा झालं होतं.

बादलीच्या सापळ्यात आज सतरा.
सोंडेवर केसांचा ब्रश असेल तो नर,
गुळगुळीत असेल ती मादी.
अकरा माद्या, वहीत लिहितो.
कुपीतल्या खोट्या वासावर आलेल्या,
खजुराच्या लगद्यात बुडालेल्या.
'वासावर तर आपण सगळेच आलो,'
मोफज्जल म्हणतो, आणि ड्रिल सुरू करतो.

चार भोकं, तिरकी, खाली उतरती.
पिचकारीनं औषध, वरून मातीचा लिंपा,
खोडाला लाल फीत:
साठ दिवस या झाडाचं फळ तोंडात घालायचं नाही.
सुवैकच्या उन्हात लाल फीत
पंधरा दिवसांत पांढरी होते.

पिशवीत मोजून खजूर मस्कतला जातात,
तिकडून कागद येतो: मर्यादेच्या आत.
'नाही' असं तो कागद कधीच म्हणत नाही.
मोफज्जलचं रक्तही गेलं होतं गेल्या महिन्यात.
तेही मर्यादेच्या आत.
कप बशीत ठेवताना त्याचा हात वाजतो,
तो आवाज ऐकायला
यंत्र लागत नाही.

विहिरीजवळची खुनैझी गेलीच होती.
खल्फाननं कागदावर सही केली, कापा म्हणाला.
त्याची आई, झुवैना, काठी टेकत आली:
मला ऐकव आधी.
तिच्या बुरख्याच्या चकाकत्या कडेवरून
मी यंत्र जपून चढवलं.
ती डोळे मिटून ऐकत राहिली,
इतका वेळ, की पंपवाला पोरगाही गप्प झाला.
'भूक मोठी आहे याची,' म्हणाली,
'पण जेवताना बोलत नाही.
चांगल्या घरचा दिसतो.'
मग यंत्र माझ्या हातात दिलं.
'कापा. पण आत्ता नको.
सावली विहिरीवरून सरू दे.'

साडेचारला खोड आडवं झालं.
चिरलं, तर आत भुसा, आंबलेला वास,
आणि हस्तिदंती, गुबगुबीत, आंधळ्या अळ्या.
काही मेलेल्या, काही अर्धवट,
दोन-तीन अजून चघळतच होत्या,
झाड पडल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आल्या, कुंपणाखालून, पंख पसरून,
झुवैनाच्या कोंबड्या.
हाकला! हाकला त्यांना! मोफज्जल ओरडला,
ड्रिल टाकून धावला.
खोडात अजून आमचं औषध होतं.

सगळ्या हाकलल्या. एक सोडून.
तिची चोच पुसल्यासारखी स्वच्छ.

झुवैनानं तिला उचललं, काखेत धरलं,
आणि पिसांत बोटं घालून
तिच्या पोटाला कान लावला.

मी यंत्र पेटीत भरत होतो.
हात थांबले.
आम्ही तिघंही श्वास धरून उभे होतो.