बॅगेवर बसणं

ऋजुतानं ब्रिस्टलहून खोकं पाठवलंय.
आत चिठ्ठी : आई, हे सगळं न्यायचंच. कारणं नकोत.

मी एकेक वस्तू टेबलावर मांडते.
चार घड्यांची काठी. खटखट करत आपोआप उघडली,
आता मिटायची कशी ते दोघांनाही कळत नाही.
गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे,
ते चढवायला एक वेगळं प्लास्टिकचं यंत्र,
आणि ते यंत्र चालवायला, बहुतेक, ऋजुताच लागेल.
गोळ्यांची डबी : सात वार, वाराचे चार कप्पे.
इतके नेमानं उपासही कधी केले नाहीत आपण.
झाकणं फिरवायला रबराची चकती.
अंधारात चष्मा सापडावा म्हणून चष्म्याला चमकणारी दोरी.
आणि मानेभोवतीची उशी.
ती तू लगेच घातलीस, टीव्हीसमोर बसलास,
पोळा संपला तरी झूल उतरवायची राहिलेल्या
बैलासारखा.

जायचंय कुठं, तर ओबानला. पाच रात्री.
हडर्सफील्डहून मँचेस्टर, तिथून ग्लासगो,
मग एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात पायी.
दहा मिनिटं फक्त, मॉरीन म्हणाली.
मॉरीनचं काय, तिचे गुडघे नवे आहेत,
गेल्या दिवाळीत बसवलेले.

तुझा राखाडी कोट घेतला तर म्हणालास, नको, जड आहे.
छत्तीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात काढलीस तू,
चिमटीत कापड धरून सांगायचास :
हे अकरा औंसाचं, हे तेराचं,
आणि हे, साहेबाला सांग, फसवलंय तुला.
आता कोट उचलून नुसता खांद्याशी धरलास.
औंस सांगितले नाहीस.

बॅग भरून झाली.
मग आपलं नेहमीचं.
अठ्ठ्याहत्तर सालापासूनचं :
तू वर बसायचं, मी चेन ओढायची.
मिरजेला जाताना स्वेटर, साबण, चॉकलेटं, कुणाचा तरी मिक्सर,
कसलीही बॅग असो, तू टेकलास
की खाली बसायची मुकाट.

तू बसलास.
बॅग फुगलेलीच.
चेन कोपऱ्यावर येऊन अडली, वीतभर उघडी.
तू जरा हललास, पाय उचलून धरलेस.
तरी नाही.
"चेन खराब झालीय," म्हणालास.
"हो, मेली जुनीच आहे," मी म्हटलं.
बॅग एप्रिलमध्ये घेतलेली.

खोक्याच्या तळाशी अजून एक वस्तू होती,
सामान तोलायचा छोटा काटा, हुक असलेला.
तो मी चहाच्या डब्यामागे ठेवून दिला.
फ्रिजवर दवाखान्याचा कागद आहे,
दर महिन्याचा आकडा त्यावर मीच लिहिते.
अजून काटे नकोत घरात.

"उठू नकोस," मी म्हटलं. "तसाच बस. खिडकीतून बघ,
कचऱ्याची गाडी आली का."
आणि तू बघत होतास तेवढ्यात
त्या वीतभर फटीतून मी हात घातला.
माझी हिरवी शाल ओढून काढली.
मग एक परकर. मग टॉवेल,
गुंडाळलेला, फार मोठा, हॉटेलात मिळतोच की.
मग स्वेटर, बाही आधी आली, बाकीचा हट्टानं मागून.
सगळं पायानं पलंगाखाली सारलं.

"गाडी नाही आली," तू म्हणालास.
"आज मंगळवार ना?"
"बुधवार," मी म्हटलं, आणि चेन ओढली.
सर्रकन लागली.

तू बॅगेवरून उठला नाहीस लगेच.
दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, उशीतून मान वळवून
बंद चेनीकडे पाहिलंस.
"बघितलंस? अजून वजन आहे माझं."

हो रे बाबा, आहे.
थंडी वाजली मला तिकडे, तर तुझा कोट घालीन.
तोही घेतलाय, तुला न सांगता, सगळ्यात खाली.

काठी काही मिटत नाही अजून.
राहू दे. तशीच नेऊ, उघडी.