साका?

जिल्हा दवाखान्यातल्या बाईंची वही:
सकाळ, दुपार, रात्र. किती खाता?

म्हटलं, येळ्ळूरला मावसदिराच्या लग्नात
तीन मांडे, दुधात कुस्करून, वर वाटीभर तूप.
नाडी सैल करून ओट्यावर आडवी पडले
तर सुभद्राक्का ओवा चोळत सगळ्यांना सांगते,
"बघा, आमची अजगरीण!"
मीही हसले. दुसरा दिवस ताकावर काढला.
अति झालं खरं. पण झालं ते चारचौघांत.

रात्रीचं कसं लिहू?
भावाला पाठवायचा कुंदा, किलोचा डबा,
दिवा न लावता, उभ्यानं.
दुसऱ्या घासानंतर गोडसुद्धा लागेना.
हात माझाच, पण माझं ऐकेना.
सकाळी शहापुरातनं तसाच डबा आणला,
दोऱ्याची गाठही तश्शीच मारली.

बाई म्हणाल्या, साखर बंद. ज्वारी खा, डाळी खा.
खाते की. वडगावात, गंगव्वाच्या खानावळीत:
भाकरी, शेंगाचटणी, दही, बुक्कीनं फोडलेला कांदा.
तव्यावरची पुढची भाकरी उचलण्याआधी
ती माझ्याकडं बघते. "साका?"
आणि थांबते.
मी पोटाला विचारून सांगते, "साकु."

त्या थांबण्याचे ग्रॅम किती, बाई?

काल रात्री दिवा लावला.
पाट घेतला, ताटलीत दोन चमचे कुंदा काढला.
संपल्यावर मोठ्यानं म्हटलं, साका?
कुणी बोललं नाही.
डबा अजून उघडाच होता.
मी बसून राहिले.