डावीकडून

पास्तोच्या चढावर यादिरा गाडी थांबवते.
आई हल्ली डावीकडूनच उतरते.

कंपनीचा सायलेन्सर यादिरानेच विकला होता.
त्या जागी हा आखूड, उघडा, तापून निळा पडलेला.
आवाज असा, की तीन गल्ल्या आधीच कळावं
कोण येतंय.
आई हसली होती तेव्हा:
तुझा बाप असाच खोकायचा.

चटका बसला त्या दिवशी मात्र बोलली नाही.
आठवडाभर लांब मोजे.
बटाट्याची साल लावली म्हणे, वर टूथपेस्ट.
मोजा चिकटला, सोलवटून निघाला, तेव्हा कळलं.

आज यादिरा काचतंतूची पट्टी बादलीत भिजवते,
हातमोजे घालून, कारण कुसं शिरतात कातडीत.
प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर,
ओढून,
जरा जास्तच ओढून.
वर केकच्या ट्रेचा कापलेला पत्रा,
दोन क्लॅम्प, आणि मध्ये बोटभर पोकळी.
म्हातारा एवेलिओ म्हणाला होता, पोकळी सोड पोरी,
पत्रा नुसता नावाला,
वाचवते ती मधली हवा.

चालू केली तर धूर.
आई दोन पावलं मागे.
"जळत नाहीये गं, पट्टी वाळतेय."
ओल्या कुत्र्यासारखा वास अंगणभर.

वीस मिनिटं चढावर फिरवून आणली,
आणि यादिराने स्वतःची उघडी पोटरी
पत्र्याला टेकवली.
धरून ठेवली.
एक, दोन, सात, अकरा.
कोमट.

आई बघत होती.
"आणि रविवारी केक कशात करू?"
म्हणाली, स्कर्ट सावरला,
बसली.
डावीकडूनच.