सव्वीस जागांची बस

शुक्रवारी आमची उपासना दोनला संपते,
अडीचला सभागृह तेलुगू मंडळीचं.
मधल्या अर्ध्या तासात, जिन्याखालच्या बाकावर,
तरुण संघ हिवाळी शिबिर आखतो.

काबदला तंबू. साठ दिनार, जनरेटर धरून.
पोरं हसतात: थंडी? कुवेतमध्ये?
ओहोळबाई दोनदा बजावतात,
वाळवंटातली रात्र चावते, गोधड्या आणा.
गोधडी कोणाकडे आहे इथे?
विमानातून ढापलेली पातळ ब्लँकेटं, तीही आखूड.

पाळकसाहेबांना विषय हवा, ‘स्थिर राहा’.
सुवार्ता म्हणते, साहेब, स्थिर कोण आहे?
माझा अकामा मार्चपर्यंत.
ते चष्मा पुसत बसतात.

बस सव्वीस जागांची, नावं सत्तावीस.
तीन शुक्रवार त्या एकावरच भांडलो:
मधे स्टूल टाकू,
धाकट्या शद्रखला मांडीवर घेऊ,
याकोबमामांची गाडी मागू,
पण मामांची त्या दिवशी ड्यूटी.

आज ओबेद उशिरा आला.
पप्पांचा व्हिसा रद्द झालाय.
वीस तारखेची तिकिटं, चौघांची, एकेरी.
डफ त्याने बाकावर ठेवला, म्हणाला,
थंडीत कातडं सैल पडतं,
शेकोटीजवळ धरा, मग बोलेल.

हिशेब जुळला.
कोणी आमेन म्हटलं नाही.

दारात तेलुगू मुलं चपला काढत होती.
मी घाईघाईने खाणावळीला फोन लावला:
चपात्या, हो, दोन्ही वेळच्या,
सत्तावीस जणांच्या.
सुवार्ता ओढणीत डफ गुंडाळत होती.