सत्तर क्रमांकाची चूक

सर्व्हर यामिनी मढवीचा, क्लायंट माझा.
महाप्याला तिसऱ्या मजल्यावर एकच टेबल,
मध्ये निळी केबल
आणि तिच्या डब्यातली जवळ्याची चटणी,
जिला कुठलाच प्रोटोकॉल लागत नाही.

तिचा सर्व्हर काही लक्षात ठेवत नाही.
पहिल्याच दिवशी सांगितलं तिनं, जरा तोऱ्यात:
"तू कोण, मघाशी काय वाचलंस, कुठवर आलास,
हे तुझं तू सांभाळ.
दर खेपेला सगळं पहिल्यापासून सांग."
मी म्हटलं, सरकारी खिडकीच की ही.
ती म्हणाली, खिडकी पडली तरी
रांग मोडत नाही, ते बघ.

बघितलं.
रात्री पावणेबाराला तिनं प्लग ओढला.
बटण नव्हे, प्लग.
माझा क्लायंट विचारत राहिला,
एक सेकंद थांबून, मग दोन, चार, आठ,
तोच प्रश्न, त्याच आकड्याखाली,
न चिडता.
खाली केमिकल कंपनीचा टँकर पीं पीं करत मागं येत होता.
चौथ्या मिनिटाला सर्व्हर उठला
आणि डोळा लागलाच नव्हता अशा थाटात
चार हजार शहाण्णवाव्या बाइटपासून पुढं देऊ लागला.
आम्ही टाळी दिली. एवढंच.

एक चाचणी मात्र आठवडाभर लाल.
मी म्हटलं, काढून टाक. तिनं काढलं.
'काढलं' हे उत्तर वाटेत कुठं तरी गळालं.
मी पुन्हा म्हटलं, काढून टाक.
ती म्हणाली, अशी फाईलच नाही.
खरं होतं ते. आणि नव्हतंही.
शेवटी तिनं दिलेल्या उत्तरांची
एक चिमुकली वही ठेवलीच.
"लक्षात नाही हं ठेवत," म्हणाली, "नुसतं टिपते."

शुक्रवारी मी एक फाईल उघडून धरली
आणि तिनं तिच्या बाजूनं ती पुसली.
माझ्या हातात चौसष्ट बाइटांचा पत्ता तसाच,
एक आकडा इकडचा तिकडे नाही.
सर्व्हर म्हणाला: सत्तर.
म्हणजे पत्ता बरोबर, पण तिथं आता काही नाही.
"मराठीत काय म्हणायचं ह्याला?"
"शिळा हँडल," म्हणाली, आणि हसली.
मग हसली नाही.

घणसोली गावात तिच्या बाबांकडे
दुधाच्या पिशवीत घडी घातलेला एक सातबारा आहे.
मिठागराचा. सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र.
तिथं आता पेट्रोल पंप, मागं टायरवाला.
स्कूटरमध्ये हवा भरायला निघाले की
ते अजून म्हणतात,
आगरात जाऊन येतो.

सोमवारी मी लिहिलं:
सत्तर आलं की हँडल टाकून दे.
तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.
"लगेच नको. मुळापासून ये परत,
एकेक पायरी, नाव घेत.
एकदा नावानं विचार."

आता नावानं विचारतो.
एकदाच.
मग टाकतो.