फायनलची रात्र

गच्चीवरून स्टेडियमचा उजेड दिसतो.
"पाव्हणे यायचेत, गल्ली साफ दिसली पाहिजे,"
हवालदार म्हणाला, आणि गाडी भरली.

हुसेनव्वानं भिशीचा डबा उपडा केला.
या महिन्याची तिलाच लागली होती,
गावच्या घराला पत्रे घालायचे होते.
"पत्रे कुठं पळून जातात," म्हणाली.

वकीलबाईंचा नंबर प्रत्येकीच्या पोटरीवर, बॉलपेननं.
घामानं पुसतो. परत गिरवायचा.

नव्या पोरीचं बाळ माझ्या मांडीवर.
नागपाड्याला तिनं नाव कुठलं सांगितलं
कुणालाच ठाऊक नाही.

मग फटाके.
कोण जिंकलं ते कुणी विचारलं नाही.
बिल्किस दारातच बसली, चप्पल एकाच पायात.
गेल्या अकरा, आल्या दहा.

मी कप विसळते.
हुसेनव्वा म्हणते,
अकरावा पालथा घालू नकोस.