आगाऊ

ठाणे कोर्टाच्या भाषांतर शाखेत,
कागद उडू नयेत म्हणून त्यांवर स्टेपलर ठेवून,
मी एकाहत्तर सालची एक फाईल मराठीत आणते आहे.
खारकर आळीतली इमारत आता पाडायचीय,
वारसांचं आपसात पटत नाही,
आणि आजोबा कोर्टाला काय म्हणाले होते
ते त्यांना कळेल अशा भाषेत हवंय.

आजोबा, म्हणजे घरमालक दत्ताराम चौबळ,
चौथ्या परिच्छेदात शपथेवर सांगतात
भाडेकरू मंदाकिनी खोपकर, वय एकतीस, अविवाहित, हिच्याविषयी:
रात्री साडेनऊला घरी येते.
जिन्यात पुरुषांशी उभी राहून बोलते.
शी इज ऑफ अ फॉरवर्ड नेचर.

फॉरवर्ड.
भाच्याला विचारलं तर तो म्हणेल,
पहाटे सहाला आलेला गुलाब आणि सुविचार.
आमच्या नाझरसाहेबांना विचारलं तर तो शिक्का,
जांभळ्या शाईचा, एका टेबलावरचं ओझं दुसऱ्यावर ढकलणारा.
हिशेबाच्या वहीत ती पुढे ओढलेली बाकी.
पण माझ्या आईच्या वेळी लग्नाच्या बैठकीत
हा शब्द कुणी हळूच टाकला
की चहाचे कप अर्धेच राहायचे.

थोरला इंग्रजी कोश उघडला.
आधी नुसती दिशा होती.
नाक ज्या बाजूला, ती बाजू. गलबताचं तोंड.
मग हंगामाच्या अगोदर आलेलं फळ.
मग तत्पर माणूस, हाक पडायच्या आत उठणारा,
आणि हे सगळं कौतुकानं बरं का.
मग कधीतरी हाक पडायच्या आत
एक बाई उठली असणार.
तिथून पुढच्या ओळीत अर्थ नासलेला आहे.

आपल्याकडे भात लवकर निसवलं तर त्याला हळवं म्हणतात.
किती मायेचा शब्द!
वाशीच्या मार्केटात आंब्याची पहिली पेटी येते,
तिला हार घालतात, नारळ फोडतात,
बोली लावतात.
एवढी घाई कसली होती गं तुला, असं तिला कुणी विचारत नाही.

आता मराठी.
'पुढारलेली' लिहावं, तर चौबळांनी तिचा सत्कार केल्यासारखं होतं.
'धीट' फार गोड.
'निर्लज्ज' त्यांना म्हणायचं असावं,
पण ते म्हणालेले नाहीत,
आणि मला पगार म्हणालेल्याचाच मिळतो.
'पुढे पुढे करणारी' खोडून टाकलं,
ते मला लहानपणी खूप वेळा ऐकवून झालंय.

निशाणी अकरा पाहिली. चतकोर पावती,
तिकिटावर चौबळांचीच सही, मजकूर मोडी वळणाचा:
*मंदाकिनी खोपकर यांजकडून तीन महिन्यांचे आगाऊ भाडे
रुपये एकशे पाच पोचले.*

म्हणजे भाडं आगाऊ चाललं.
खिशात गेलं, सही झाली.

मी 'आगाऊ स्वभावाची' असं लिहिलं
आणि समासात, शिसपेन्सिलीनं,
निशाणी अकरा पाहावी.
वरिष्ठ खोडतील. खोडू देत.

निकाल नाही. आपसात तडजोड, खोली रिकामी, चौऱ्याहत्तर.
फाईलच्या शेवटी एक समन्स तेवढं परत आलेलं आहे,
पाकिटावर तीन पोस्टमनांची तीन अक्षरं:
*इथे राहत नाही, कोपरीस पाठवावे.*
*कोपरी सोडली, कळवा.*
कळव्याच्या खाली फक्त
*पुढे*
आणि एक बाण,
पाकिटाच्या कडेपर्यंत गेलेला.